निवृत्तीनंतर लहान घरात जाताना: काय आधी आवरायचं, काय शेवटी

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं पाच खोल्यांच्या घरातून दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. त्याआधी चौदा महिने एकतीस वर्षांचा संसार उपसत होतो. त्यातले पहिले तीन महिने वाया गेले, कारण सुरुवातच चुकीच्या टोकाने केली होती. फोटोंचे अल्बम घेऊन बसायचो, दुपार कशी सरायची कळायचं नाही, आणि संध्याकाळी सगळे अल्बम होते तिथेच परत जायचे. पुढे ओळखीतली तीन-चार जोडपी याच वाटेला लागली आणि प्रत्येकाने मला जवळजवळ तेच प्रश्न विचारले. म्हणून हे क्रमाने लिहून काढते आहे.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात झाली. पुस्तकं बाद करणं हा तिथल्या कामाचा भाग होता आणि त्याला नियम होते: पुस्तक शेवटचं कधी बाहेर गेलं, दुसरी प्रत आहे का, बांधणी टिकेल का. घरातल्या वस्तूंना असे नियम नसतात. प्रत्येक वस्तूपाशी थांबून नव्याने ठरवावं लागतं, आणि माणूस दमतो तो या ठरवण्याने. उचलठेव त्यापुढे काहीच नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. हे काम हातपाय आणि स्मरणशक्ती धड असताना करा. ही वस्तू कुणाची, कुठून आली, काय कामाची हे आज तुम्हाला सांगता येतं. तुमच्यामागे मुलं कपाट उघडतील तेव्हा त्यांना नुसती वस्तू दिसेल.

आधी हाताशी काय हवं

सामान फार लागत नाही:

- मोजपट्टी, आलेखाचा कागद, पेन्सिल
- एक जाड वही (याद्यांसाठी सुट्या चिठ्ठ्या नकोत, हरवतात)
- लहान आकाराची मजबूत खोकी, चिकटपट्टी, जाड मार्कर
- दोऱ्याच्या लेबलांचा गठ्ठा
- रबरी हातमोजे आणि मास्क, कारण माळ्यावरची धूळ साधी नसते
- कागदांसाठी चार फायली आणि कागद बारीक कापायची सोय
- फोटो काढता येईल असा मोबाइल

आणि एखादं धट्टंकट्टं माणूस, माळ्यावर चढायला. साठीनंतर स्टुलावर चढून डोक्यावरून खोकी उतरवू नका. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचं घर आवरणं मनगटाच्या प्लास्टरमुळे तीन महिने थांबलं.

१. तारीख ठरवा, पण लांबची

वर्षभराची मुदत ठेवा. घर बदलायचं नसेल आणि नुसतंच हलकं करायचं असेल, तरी तारीख हवीच. काम सकाळी करा, दीड-दोन तास, आठवड्यातून तीन-चार दिवस. आम्ही एका रविवारी सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत बसलो होतो. दुपारी चारनंतर ठेवलेल्या वस्तू नंतर पाहिल्या, तर त्यातल्या निम्म्या नुसत्या कंटाळून ठेवलेल्या होत्या. थकलेलं मन ‘असू दे’ म्हणतं.

दोन प्रसंगी मात्र घाई करू नका. नोकरी सुटून सहा महिने व्हायच्या आत कामाशी संबंधित वस्तू काढू नका. त्या वेळी माणूस एकतर रागाने सगळं फेकतो, नाहीतर सगळं कवटाळून बसतो. आणि जोडीदार जाऊन वर्ष झालं नसेल, तर त्यांच्या कपाटाला हात लावायला कुणीही भाग पाडलं तरी लावू नका. फक्त कागदपत्रं काढून घ्या. बाकीचं थांबू शकतं.

२. नवीन घर मोजा

कुठलंही कपाट उघडण्याआधी ही पायरी. आलेखाच्या कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे ५० सेंटिमीटर असं प्रमाण धरून नव्या घराचा आराखडा काढा. दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडक्या किती उंचीवर आहेत, विजेचे पॉइंट कुठे आहेत, सगळं त्यात यायला हवं. मग त्याच प्रमाणात पलंग, कपाटं, टेबल यांचे कागदी तुकडे कापून आराखड्यावर सरकवून बघा.

आमच्या घरात वाद मिटला तो याच कागदी तुकड्यांमुळे. यांना सहा माणसांचं जेवणाचं टेबल हवंच होतं. तुकडा आराखड्यावर ठेवल्यावर स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडत होतं. यांनी तुकडा चार वेळा फिरवून पाहिला आणि मग स्वतःच बाजूला ठेवला. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

वस्तू आत न्यायच्या वाटेची मापंही घ्या: दाराची चौकट, जिन्याचं वळण, लिफ्टची खोली. मोठं कपाट खोलीत मावतं पण जिन्यात अडकतं, असं फार वेळा होतं. चालायच्या वाटा ९० सेंटिमीटर रुंद ठेवा. चाकाच्या खुर्चीला दारातून जायला साधारण ८० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. आज गरज नसली तरी वॉकर किंवा खुर्ची कधी लागेल ते सांगता येत नाही. पायात अडखळणारे सुटे गालिचे नव्या घरात नेऊच नका.

पुस्तकांचं आणि कपड्यांचंही माप घ्या. नव्या घरात फळ्या एकूण किती मीटर, कपडे टांगायचा दांडा किती लांब, हे वहीत लिहा. माझ्याकडे साडेअकरा मीटर पुस्तकं होती आणि नव्या घरात फळी चार मीटर. हा आकडा डोळ्यांसमोर असला की ‘कुठलं काढू’ हा प्रश्न सुटतो आणि ‘कुठली चार मीटर नेऊ’ एवढाच उरतो. निवडायला तो पुष्कळ सोपा आहे.

३. कागदपत्रं सगळ्यांच्या आधी बाजूला काढा

आवरायच्या भरात महत्त्वाचा कागद रद्दीत जातो, हा या सगळ्यातला सर्वांत महागडा धोका. म्हणून घरातले सगळे कागद आधी एका खोलीत आणा आणि चार फायली करा:

- कायमच्या: जन्म, विवाह, मृत्यू यांची प्रमाणपत्रं, घराची आणि जमिनीची मूळ कागदपत्रं, मृत्युपत्र, नोकरीची व निवृत्तिवेतनाची कागदपत्रं, शिक्षणाची प्रमाणपत्रं
- चालू: विमा, बँक, गुंतवणूक, ओळखपत्रं, वारसनोंदी, वाहनाची कागदपत्रं
- तब्येतीच्या: शस्त्रक्रियांचे अहवाल, चालू औषधांची यादी, कशाची ॲलर्जी आहे त्याची नोंद, चष्म्याचा नंबर
- मुदतीच्या: कर भरल्याचे पुरावे, बिलं, वॉरंटी. हे किती वर्षं ठेवायचं याचे नियम जागोजागी वेगळे असतात, तेव्हा हिशेब बघणाऱ्याला विचारल्याशिवाय फाडू नका

दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या उष्णतेवर छापलेल्या असतात. ऊन आणि उष्णता लागली की त्यावरची अक्षरं उडतात. जपायच्या पावतीचा लगेच फोटो काढा किंवा झेरॉक्स करा.

पुस्तकं देण्याआधी प्रत्येक पुस्तक कण्याला धरून झटका. ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकांतून मी नोटा, दाखले, न उघडलेली पत्रं काढलेली आहेत. तरीही स्वतःच्या घरात हे करायचं मला सुचलं ते तीस-चाळीस पुस्तकं देऊन झाल्यावर. कोटांचे खिसे, जुन्या पर्सचे अस्तर, खणांत अंथरलेल्या कागदाखालची जागा, हेही बघा.

फायली तयार झाल्या की मुलांपैकी किंवा विश्वासातल्या एकाला त्या कुठे आहेत हे प्रत्यक्ष दाखवा. नुसतं सांगू नका.

४. मन न गुंतलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा

आता आवरायला घ्या, पण न्हाणीघर, औषधांचा खण, वायरींचा डबा, स्वयंपाकघरातली दुहेरी भांडी यांच्यापासून. इथे आठवणी कमी असतात आणि निर्णय पटापट होतात. आठवड्याभरात तीन-चार खोकी घराबाहेर गेली की हात मोकळा होतो. आमच्या एका डब्यात सेहेचाळीस किल्ल्या निघाल्या. घरातलं प्रत्येक कुलूप लावून बघितलं. नऊ किल्ल्यांना कुलूप सापडलं.

या भागात टाकण्याच्या वस्तू जास्त असतात, म्हणून काळजीही जास्त घ्यायची:

- मुदत संपलेली औषधं मोरीत किंवा संडासात ओतू नका. औषधाच्या दुकानात ती परत घेतात का ते विचारा.
- पाऱ्याचा थर्मामीटर, ट्यूबलाइट आणि पिळदार सीएफएल दिवे यांत पारा असतो. ते न फोडता वेगळे द्या. फुटलाच तर खिडक्या उघडा, आणि सांडलेला पारा व्हॅक्यूमने ओढू नका, झाडूने पसरवू नका.
- जुन्या मोबाइलची बॅटरी फुगलेली दिसली, तर ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका आणि कचऱ्यात टाकू नका. लिथियमची बॅटरी पेट घेते. ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.
- रंगाचे, थिनरचे, कीटकनाशकांचे डबे वाहतुकीच्या ट्रकमध्ये चढवू नका.

५. खोकी चार, आणि पाचव्यावर तारीख

ठेवायचं, द्यायचं, विकायचं, टाकायचं. वस्तू एकदा उचलली की या चारांपैकी एका खोक्यातच जायला हवी. ‘बघू नंतर’ या ढिगाने आमचे दोन महिने खाल्ले, म्हणून नंतर त्याला शिस्त लावली. नक्की होत नसेल तर पाचव्या खोक्यात टाका, खोकं बंद करा आणि वर सहा महिन्यांनंतरची तारीख घाला. आतल्या वस्तूंची यादी खोक्यावर लिहू नका. ती वस्तू तुम्हाला आपण होऊन आठवते का, हेच तर बघायचं आहे.

निर्णय होत नसेल तेव्हा मला सगळ्यांत उपयोगी पडलेला प्रश्न असा: हे आज माझ्याकडे नसतं, तर मी ते विकत आणलं असतं का?

या प्रश्नामागे कारण आहे. डॅनियल काह्नमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तीन संशोधकांनी १९९० मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना त्यांनी कॉफीचा एकेक साधा पेला दिला आणि मग देवाणघेवाणीचा बाजार मांडला. ज्यांच्या हाती पेला आला होता, ते विकायला जी किंमत मागत होते ती, पेला नसलेले जेवढे द्यायला तयार होते त्याच्या दुपटीच्या आसपास होती. पेला तोच, हातात येऊन काही मिनिटंच झालेली. वस्तू आपली झाली की ती आपल्याला मौल्यवान वाटू लागते, आणि तीस वर्षं घरात असलेल्या वस्तूचं तर काय सांगावं! काह्नमनना २००२ मध्ये आणि थेलरना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे मला आधी ठाऊक असतं, तर आमच्या लाकडी कपाटाला कुणी भाव देईना तेव्हा मी इतकी दुखावले नसते. समोरचा माणूस कपाटाची किंमत सांगत होता. मी त्यात आमची एकतीस वर्षं धरत होते.

६. मुलांना विचारा, गृहीत धरू नका

आईवडील काही वस्तू ‘मुलांसाठी’ म्हणून जपतात आणि मुलांना भलतंच काही हवं असतं. मी काचेचा डिनर सेट मुलीसाठी बावीस वर्षं गुंडाळून ठेवला होता. शेवटी फोनवर विचारलं.

“आई, खरं सांगू? तो मला नकोय गं. माझ्याकडे ठेवायलाही जागा नाही.”

“मग काय हवंय तुला?”

“तो बटणांचा डबा आहे का अजून? तो दे.”

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणावरचा रंग उडालेला, आत जुन्या कपड्यांची उतरवलेली बटणं. लहानपणी तापात पडून असली की ती तो डबा पलंगावर ओतून रंगाप्रमाणे ओळी लावायची. मी तो ‘टाकायचं’ खोक्यात घातला होता. त्याच दिवशी बाहेर काढला.

तेव्हा प्रत्येक मुलाला स्वतंत्र यादी करायला सांगा, एकमेकांची यादी न बघता. एकाच वस्तूवर दोघांनी बोट ठेवलं तर तुम्ही न्यायाधीश होऊ नका. चिठ्ठी टाकून पहिला कोण ते ठरवा आणि मग आळीपाळीने एकेक निवडू द्या. भारी वस्तू एकाला गेली असेल तर मृत्युपत्रात किंवा निदान लेखी नोंदीत ती यायला हवी, नाहीतर पुढे मनं दुखावतात.

‘नको’ म्हणाले तर ते मोकळेपणाने घ्या. डिनर सेट नाकारला म्हणजे तुम्हाला नाकारलं असं नव्हे. आणि गळ घालून दिलेली वस्तू त्यांच्या माळ्यावर जाते.

उलट बाजूही आहे. घरातून बाहेर पडलेल्या मुलांची पुस्तकं, ट्रॉफ्या, गिटार तुमच्याकडेच असतात. त्यांना तीन महिन्यांची तारीख द्या: या तारखेपर्यंत न्या किंवा काय करायचं ते कळवा. त्यांना न सांगता फेकू मात्र नका.

७. वस्तू द्या ती तिच्या गोष्टीसकट

मला या सगळ्यात मनापासून सांगायची पायरी हीच आहे.

माझे बाबा हौसेने सुतारकाम करायचे. त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे होती: रंधा, तीन पटाश्या, करवत, लाकडी हातोडा. रंध्याची मूठ त्यांच्या तळव्याच्या घामाने काळपट झालेली होती आणि अंगठा टेकायचा तिथे लाकडात उथळ खळगा पडला होता. माझा अंगठा त्या खळग्यात ठेवला की सैल बसायचा. बाबांचा हात मोठा. आमच्याकडे रंधा चालवणारं कुणी नाही. पण पेटी द्यायचा विचार आला की वाटायचं, बाबांनाच दुसऱ्यांदा निरोप देते आहे.

मग ओळखीतून कळलं की एक मुलगा सुतारकाम शिकतो आहे आणि हाताने लाकूड तासायची त्याला आवड आहे. त्याला घरी बोलावलं. त्याने पेटी उघडली, पटाशीच्या धारेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, “काकू, ही धार लावणाऱ्याला काम कळत होतं.” मी त्याला तासभर बाबांबद्दल सांगत होते. जाताना त्याने रंधा हातात धरला, अंगठा खळग्यात टेकवला. तो बरोबर बसला.

त्यानंतर आम्ही पद्धतच केली. द्यायच्या प्रत्येक जिवाभावाच्या वस्तूला दोऱ्याचं लेबल बांधायचं आणि त्यावर दोन-तीन ओळी लिहायच्या: कुणाची, कधीची, कशी वापरायची. शक्यतो वस्तू स्वतःच्या हाताने द्यायची. ठेवलेल्या वस्तूंनाही लेबलं लावली. ओळखीशिवाय राहिलेली वस्तू पुढच्या पिढीत भंगार होते, मग ती कितीही जुनी असो.

जे कुणालाच देता येत नाही, त्याचा चांगल्या उजेडात फोटो काढा. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थी वसतिगृहांत याचा प्रयोग झाला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्र संपताना काही वसतिगृहांत ‘आठवणीच्या वस्तूचा फोटो काढा आणि मग दान करा’ असे फलक लावले, इतरांत नुसतंच दानाचं आवाहन केलं. फोटोचा फलक होता तिथून ६१३ वस्तू आल्या, इतर ठिकाणाहून ५३३. माझा अनुभवही तोच. फोटो काढल्यावर हात सुटतो.

८. फोटो, पत्रं, टेपा: सगळ्यांत शेवटी

निर्णयांची सवय झाल्यावरच अल्बमना हात लावा. आधी निवडा, मग स्कॅन करा. उलट केलंत तर हजारो निरुपयोगी फोटो संगणकात साचतील. एकाच क्षणाचे चार फोटो असतील तर एक ठेवा. ज्यात ओळखीचं माणूसच नाही असे डोंगर, सूर्यास्त निःशंक काढा.

नावं आजच लिहून घ्या. जुन्या कागदी फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहायचं. बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढे वळ उमटतात. गुळगुळीत पाठीच्या नव्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही. ते पाकिटात घाला आणि नावं पाकिटावर लिहा, फोटो आत घालण्याआधी.

पारदर्शक कागद उचलून चिकट पानावर फोटो लावायचे, ते अल्बम तुमच्याकडे असतील तर लवकर रिकामे करा. त्यातला गोंद वर्षांनुवर्षं पिवळा पडत जातो आणि फोटो धरून बसतो. ओढू नका, दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरीही सुटला नाही तर पानासकट स्कॅन करा.

स्कॅनिंगला साधारण आकाराच्या फोटोंसाठी ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) पुरतात. फोटो लहान असेल आणि मोठा करून हवा असेल तर ६००. निगेटिव्ह असतील तर २४०० किंवा त्याहून जास्त. तयार फाइलींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरी.

व्हिडिओ कॅसेटना उशीर करू नका. व्हीएचएस हा या कॅसेटचा प्रकार १९७६ मध्ये आला, आणि फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर, म्हणजे त्या चालवायची यंत्रं, बनवणं थांबवलं. टेपेवरचं चित्र वर्षांगणिक पुसट होतं आणि ती चालवणारी यंत्रं दुर्मीळ होत चालली आहेत. आमच्या आठ कॅसेटपैकी दोन वाचल्या नाहीत. त्यातल्या एकीत सासूबाईंचा आवाज होता.

पत्रांबाबत माझं मत: दुसऱ्याने विश्वासाने लिहिलेलं पत्र मुलांच्या हाती पडू देऊ नये. लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर विचारा, हवं असेल तर परत पाठवा. आणि फक्त स्वतःसाठी जपायचं असेल तर त्याची एक छोटी पेटी करा, वर लिहा ‘माझ्यामागे न उघडता नष्ट करावी’, आणि तुमचं ऐकेल अशा एका माणसाला त्याबद्दल सांगून ठेवा.

९. विकायचं, द्यायचं, टाकायचं

विकण्यात वेळ फार जातो. प्रत्येक वस्तूला तीन आठवडे द्या. तेवढ्यात गेली नाही तर ‘द्यायचं’ खोक्यात. दागिने, चित्रं, नाणी, जुनी घड्याळं यांची किंमत अशा माणसाकडून करून घ्या, जो स्वतः ती विकत घेणार नाही. ‘आजच देता का, रोख देतो’ म्हणत दारात आलेल्या माणसाला त्या दिवशी काहीच देऊ नका.

संस्थांना देताना आधी फोन करून काय चालतं ते विचारा. फाटके कपडे, पानं गळालेली पुस्तकं, बंद पडलेली यंत्रं दिली तर टाकायचं काम आपण त्यांच्या गळ्यात घालतो. हेल्मेट देऊ नका. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असू शकतो.

संगणक देण्याआधी फाइल डिलीट करून भागत नाही. त्याने नुसती नोंद पुसली जाते, मजकूर डिस्कवर बराच काळ राहतो. जाणकाराकडून डिस्क पूर्ण पुसून घ्या किंवा काढून नष्ट करा. मोबाइलमधून सिम आणि मेमरी कार्ड काढा, सगळ्या खात्यांतून बाहेर पडा आणि मगच फॅक्टरी रिसेट करा. खातं तसंच राहिलं तर पुढच्या माणसाला फोन सुरूच करता येत नाही.

आणि ‘टाकायचं’ खोकं त्याच दिवशी घराबाहेर काढा. रात्रभर राहिलं तर त्यातून वस्तू परत येतात. आमच्याकडे आल्या.

१०. दोघांचे हिशेब वेगळे ठेवा

जोडीदाराच्या वस्तूंचा निर्णय जोडीदाराचाच. मी यांच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा न विचारता दिला होता. यांना ते चार दिवसांनी कळलं. हे काही बोलले नाहीत, पण पुढचा महिनाभर आवरायला बसले नाहीत. मग मी माफी मागितली आणि आम्ही ठरवलं: प्रत्येकाला एक फळी, तिच्यावर काय ठेवायचं याला दुसऱ्याने कारण विचारायचं नाही.

११. हलायच्या आठवड्यात

पुस्तकं लहान खोक्यांत भरा. माझ्या एक मीटर फळीवरची पुस्तकं काट्यावर अठ्ठावीस किलो भरली होती; मोठं खोकं भरलंत तर ते कुणाला उचलणार नाही. खोक्यावर नंबर घाला, आतलं सामान वहीत लिहा, आणि नव्या घरातली खोली खोक्याच्या बाजूवर लिहा, झाकणावर नको. एकावर एक रचल्यावर झाकणं दिसत नाहीत.

कागदपत्रांच्या फायली, औषधं, चष्मे, दागिने आणि फोटोंची डिस्क ट्रकमध्ये नाही, तुमच्या हातात. एक खोकं ‘आधी उघडा’ म्हणून वेगळं: दोन ताटं, दोन पेले, एक पातेलं, चादरी, टॉवेल, साबण, बल्ब, विजेरी, स्क्रू-ड्रायव्हर, कात्री, चार्जर.

घर सोडण्याआधी रिकाम्या खोल्यांचे फोटो काढा. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. त्यावर लांब कागदाची पट्टी धरून सगळ्या खुणा तारखांसकट उतरवून घेतल्या. आता ती पट्टी गुंडाळीत मावते.

नव्या घरात

पहिले तीन महिने साठवणीचं कुठलंही फर्निचर विकत घेऊ नका. काय कमी पडतं ते राहिल्यावर कळतं. पाचव्या खोक्याची तारीख आली तेव्हा आम्हाला आतल्या अकरा वस्तूंपैकी एकच आठवत होती, एक पितळी अडकित्ता. तो काढून घेतला आणि खोकं तसंच देऊन टाकलं.

दिलेल्या सगळ्या वस्तूंपैकी दोन वर्षांत दोनच वस्तूंची खरी उणीव भासली: शिवणयंत्र आणि दुसरी इस्त्री. इस्त्री नवीन आणली. शिवणयंत्र ज्या बाईंना दिलं होतं त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात. काही उसवलं की मी त्यांच्याकडे जाते आणि माझ्याच यंत्रावर टीप मारून येते.